बाबांसाठी कानाचं मशीन: कोणतं घ्यावं, आणि ते वापरतील कसे?

मृदुला_७: बाबा ७४ वर्षांचे. तपासणी झाली. दोन्ही कान सारखेच, उंच पट्टीकडे आलेख घसरलेला. "ऐकू येतं गं, कळत नाही," ही त्यांची तक्रार. बजेट एकाच मशीनचं आहे. बोटं थोडी थरथरतात. आणल्यावर ते कपाटात पडू नये म्हणून घरच्यांनी काय करावं, हेही सांगा.

कानसेन: दोन घ्या. एका कानावर आवाज कुठून आला तेच कळत नाही. मी चार्जिंगवाली जोडी घेतली, फोन थेट कानात ऐकू येतो. पैसे गेले, पण एकदाच काय ते चांगलं घ्यावं.

पाऊसवेडी: +१. दोनच घ्या, आणि चार्जिंगवालीच.

झुंबर: मशीनच्या नावाला भुलू नका. आमच्या आईला दुकानात धड तपासणी न करताच मशीन चढवलं. भांडं आपटलं की ती दचकायची. आवाज जुळवून घ्यायला गेलं की दरवेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी तिने घालणंच सोडलं. अजून चीड येते.

कानसेन: म्हणूनच भारीतलं घ्यावं.

श्रुतिका: मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन जुळवून देणारी, आहे. भारी मशीनसुद्धा नीट जुळवलं नाही तर असंच होतं. कानात बारीक नळी घालून, पडद्यापाशी किती आवाज पोचतो ते मोजतात का, हे आधी विचारा.

बाबांची तक्रार अगदी नेहमीची आहे. स्वर पोचतात, स, श, फ, थ निसटतात. मग 'साठ'चं 'आठ' होतं. ओरडून फक्त स्वर मोठे होतात, म्हणून ओरडू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, टीव्ही बंद करा, आणि वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा.

सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना घालू द्या. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटेल, पंख्याची घरघर टोचेल. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. काय खटकलं ते लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला न्या. त्या भेटीला तुम्हीही जा.

दोन कानांचा फायदा खरा आहे, पण नीट जुळवलेलं एक हे न वापरलेल्या दोनांपेक्षा कितीतरी बरं. सगळ्यात आधी बाबांनाच विचारा, नेमकं कुठे ऐकू यायला हवंय?

भटक्या: सेलवालं घेतलंत तर रात्री सेलचं स्टिकर परत चिकटवा, सेल जास्त टिकतो. मी तसंच करतो.

झुंबर: काही उपयोग नाही. एकदा हवा लागली की सेल सुरू झाला. रात्री मशीनचं सेलचं झाकण उघडं ठेवा, ओल सुकते.

भटक्या: माझा टिकतो.

श्रुतिका: झुंबर यांचं बरोबर आहे. नवीन सेलचं स्टिकर काढल्यावर थोडं थांबून मग आत घालायचा. मशीनची शिट्टी वाजली तर कानातला मळ आणि कानात घालायचा साचा नीट बसतोय का ते तपासून घ्या. आणि एखाद्याला एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मशीनच्या मागे न लागता ताबडतोब कानाच्या डॉक्टरकडे.

पाऊसवेडी: चार्जिंगवालंच बरं. थरथरत्या बोटांनी सेल कोण बदलणार?

मृदुला_७: सगळ्यांचे आभार. बाबांना विचारलं. त्यांना दोनच गोष्टी हव्यात: काकांशी फोनवर बोलणं आणि जेवताना चाललेल्या गप्पा. फोन ते उजव्या कानाला लावतात, म्हणून उजव्या कानाला एकच, कानामागचं, नारिंगी स्टिकरच्या मोठ्या सेलचं घेतलं. चार्जरच्या भानगडीत पडायचं नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. सेल टेबलावर ठेवून त्यांनी स्वतः बदलून दाखवला, दुसऱ्या खेपेला तर चटकन. फोन कानावर न टेकवता जरा वर, मशीनच्या माइकपाशी धरायचा, हेही तिथेच शिकले. नळी घालून मोजणी झाली, पुढची तारीख मिळाली आहे. श्रुतिका, जेवताना अजून सगळे एकदम बोलतात. त्यावर मलाच घरात बोलावं लागेल.