अनुभव धागा: आमचे फौजी आजोबा (तुमचेही सांगा)

कृष्णाकाठची
काल बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग होती. नोव्हेंबर म्हटलं की पेन्शनवाल्यांची जत्राच. माझ्यापुढे एक माजी सैनिक, हातात कॅन्टीनची पिशवी. मशीनवर अंगठा उमटेना. कारकुनाने एकेक करत सगळी बोटं लावून पाहिली, रेघाच झिजलेल्या. म्हातारबा म्हणाले, "ट्रिगर ओढायला हेच बोट चाललं की सरकारला, आता का चालंना?"

आजोबाच आठवले. मराठा लाइट इन्फंट्री, निवृत्त हवालदार. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव त्यांना 'हवालदार' म्हणूनच ओळखायचं, पाळण्यातलं नाव पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नसावं. ७१ च्या युद्धात पूर्वेकडे होते, 'पूर्वी स्टार' हे पदक होतं. पण लढाईचं विचारलं की चिखलाचं सांगायचे. "चिखल लई. बूट खाली ऱ्हायचा, पाय वर यायचा." पुढचं विचारलं की गोठ्यात निघून जायचे.

पण भरतीची पोरं! पहाटे अंधारात हे सायकलवर, तोंडात शिट्टी, मागे पोरं धावतायत. कॅनॉलच्या पुलापासून शाळेपर्यंत बरोबर सोळाशे मीटर भरतात, हे त्यांनीच मोजलेलं. सायकलच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजत गेले होते. मध्येच कुणी रामराम घातला आणि आकडा चुकला की परत पुलापासून. छाती मोजायला शिंप्याची टेप उसनी आणायचे ती परत देत नसत. त्यांच्या हाताखालून भरती झालेल्यांची नावं काढली तर अर्धं गाव निघेल.

माणदेशी_पोरगा
ट्रंक!! काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आमच्यात आता शेंगदाणे असतात. उंदराच्या बापाला उघडत नाही.

सुगरण_नाही
आज्यांबद्दल कुणी लिहिणार का? की त्या आपोआप सांभाळत होत्या सगळं?
आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. 'मार्फत ५६ एपीओ' (फौजेच्या टपालाचा पत्ता) वरून आंतरदेशीय आलं की पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचणार, सासू-सासरे, दीर, शेजारी सगळे ऐकायला. मग आजोबा बायकोला लिहिणार काय? पत्रभर पाऊस, विहीर आणि शेवटी "ढवळीला जप, थंडीत बाहेर बांधू नका." आमच्याकडे ढवळी नावाची गाय कधी नव्हतीच. हे आजीने आम्हाला ऐंशी उलटल्यावर सांगितलं, ते पण पदराआड हसत.

टवाळ_तात्या
सासूने विचारलं नाही का, कुठली ढवळी म्हणून? 😀

सुगरण_नाही
सासू पण फौजीचीच बायको होती, तात्या. तिला बरोबर कळत होतं.

जंगी_नातू
तुमचे गप्प, आमचे थांबायचेच नाहीत. १ मराठा, जंगी पलटण, १७६८ पासूनची. (हे वाक्य ते जेवायला बसतानाही म्हणायचे.) जमालपूर (आताच्या बांगलादेशात), डिसेंबर ७१. पलटणीने गावाच्या दक्षिणेचा रस्ता अडवून धरलेला, रात्री तिथली पाकिस्तानी फौज निसटायला निघाली ती सरळ ह्यांच्या मोर्च्यांवर आली. नंतर टांगाईलकडे, तिथे २ पॅरा पलटणीचे छत्रीवाले विमानातून उतरलेले. ती पण मूळची मराठ्यांचीच पलटण, म्हणून ह्यांना म्हणे भाऊबंद भेटल्यासारखं झालं.
दर दिवाळीला अंगावर आलेले शत्रू वाढायचे. आजी चुलीपुढून: "गेल्या साली येवढे नव्हते."

डोंगरवाट
आमचे आजोबा खेचरवाले. एएससी, म्हणजे फौजेला रसद पोचवणारं दल. बंदूक होती, पण आयुष्य गेलं खेचरांमागे. एकदा १५ ऑगस्टला माजी सैनिकांना शाल-श्रीफळ होतं, आयोजक म्हणाले की 'प्रत्यक्ष लढलेल्यांना' देतोय. हे मंडपात नीट इस्त्रीचा कोट घालून बसलेले. घरी आल्यावर एवढंच बोलले, "दारूगोळा काय आपल्या पायानं डोंगर चढतो व्हय?"
मला अजून राग येतो त्या लोकांचा.
खेचराचे कान मागे गेले की बाजूला सरायचं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. बाबांची स्कूटर घाट चढून आली की हे आधी तिच्या सीटवर दोन थापा मारणार, मग पाणी पिणार.

कृष्णाकाठची
@डोंगरवाट, वाईट वाटलं वाचून. स्कूटरला थापा मात्र फार आवडल्या.

निळी_शाई
माझं आजोळ सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या शेजारी. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, तिथे स्मारक आहे. आमच्या पणजोबांचे भाऊ पण त्याच लढाईत गेले. कुठे, कुणालाच माहीत नाही. आजी फक्त "बसऱ्याकडं" (इराकातलं बसरा) म्हणायची. गावात कुणी बराच वेळ परतला नाही की अजून म्हणतात, बसऱ्याला गेला का काय.

सागर_ते_सोलापूर
आजोबा महार रेजिमेंट. १९४१ ला बेळगावला उभी राहिली तेव्हाचे. आमच्या घरातला पहिला पगार त्यांचा, पहिलं पुस्तकही त्यांनीच आणलं, आणि पेन्शन हा शब्द त्यांच्यामुळेच घरात आला. रजेवर वर्दीत आले की पाटील रस्त्यात थांबवून लढाईच्या बातम्या विचारायचे. प्यायला पाणी मागितलं की वरून ओंजळीत. आजोबांनी पुढे काय केलं, तर रजेला येताना फौजेची पाण्याची बाटली भरून आणायला लागले आणि पाटलांसमोर उभं राहून त्यातलंच पाणी प्यायचे. सावकाश. झाकण लावून मग उत्तर द्यायचे.
शेवटी पाटलांनीच रस्ता बदलला.

जंगी_नातू
दादा, 🙏. ह्यावर काय बोलणार.

टवाळ_तात्या
कडक.

माणदेशी_पोरगा
विषय सोडून विचारतो. आजोबांची कागदपत्रं कुठे मिळतात? नंबर आहे ट्रंकेवर, बाकी काही नाही.

जंगी_नातू
रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा रेजिमेंटचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आधी घरात डिस्चार्ज बुक शोधा, त्यात भरती, बदल्या, पदकं सगळं असतं. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि कृष्णाकाठची, त्या म्हाताऱ्यांना कुणी सांगा, हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

कृष्णाकाठची
सांगितलं होतं. म्हणाले, "मोबाईल नातवाकडं आणि नातू पुण्याला."

माणदेशी_पोरगा
सापडलं डिस्चार्ज बुक!! शेंगदाण्यांच्या खालीच होतं. पण जन्मतारीख १ जून लिहिलीय, आजी म्हणते पोळ्याच्या आसपासचे होते.

सुगरण_नाही
आमचेही १ जून.

सागर_ते_सोलापूर
आमचेही.

टवाळ_तात्या
म्हणजे १ जूनला बॉर्डरवर केक किती लागत असतील बघा. बरं, शेंगदाणे कुठले, घरचे का? दोन किलो पाठव.

माणदेशी_पोरगा
घरचेच. पत्ता द्या तात्या, पण ट्रंक मागू नका.