शैक्षणिक कर्ज: घेतानाचे आणि फेडतानाचे अनुभव

मुलगी बारावीत आहे, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. पीपीएफमधली बचत मोडायची की कर्ज काढायचं यावर आमच्याकडे रोज चर्चासत्र भरतं. कर्ज काढलेल्या, फेडलेल्या, मुद्दाम टाळलेल्या सगळ्यांनी लिहा.

सदाफुली:
आम्ही पीपीएफला हात लावला नाही. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, हे बँकेत सगळे हसून सांगतात. व्याज मात्र पैसे कॉलेजला गेले त्या दिवसापासून चढतं, ते आपणच विचारायचं! दहा लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर वर्षाला लाखभर नुसतं व्याज. हप्ता सुरू होईपर्यंत ते सरळव्याज असतं, पण भरलं नाही तर पुढे मुदलात मिळवून ईएमआय (मासिक हप्ता) ठरतो. आम्ही दरमहा व्याज भरत गेलो. काही बँका असं करणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात, आम्हाला मिळाली. लेक नोकरीला लागला तेव्हा मुद्दल होतं तेवढंच होतं. त्या वर्षांत सहली बंद होत्या, हेही सांगते.

आकडेमोड:
यात एक मेख आहे. आयकरात ८०ई नावाने ओळखली जाणारी या व्याजाची वजावट कितीही मिळते, पण जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठच वर्षं. ही आठ वर्षं मोजतात ती व्याज भरायला लागलात त्या वर्षापासून. कोर्स चालू असतानाच भरलंत तर त्यातली तीन-चार तिथेच संपतात. तरी मी सदाफुलीताईंच्याच बाजूचा.

गच्चीवरचा:
साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून निवांत होतो. आमच्या बँकेने तरी जामीनदार मागितला. मेव्हण्याने सही केली, आता प्रत्येक दिवाळीला आठवण करून देतो.

रानजाई:
धागाकर्त्या ताई, मुलगी आहे म्हणालात, तर कर्जाआधी हे बघा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. माझ्या भाचीचं असंच झालं; मेस आणि हॉस्टेलचे पैसे तेवढे भावाने भरले. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

हप्तेबहाद्दर:
मी कर्ज घेतलेला मुलगा. बाबा सहकर्जदार होते. एकदा माझा हप्ता बाउन्स झाला आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) दोघांचाही घसरला. बाबा काही बोलले नाहीत, आईने मात्र महिनाभर पुरवून वापरलं.

धागाकर्ती:
रानजाई, आम्ही ओबीसी, उत्पन्नही आठच्या आत बसतंय! उत्पन्नाचा दाखला म्हणून नोकरीतला फॉर्म १६ चालतो का?

रानजाई:
नाही हो, तहसीलदारांचाच लागतो. निकालाची वाट बघू नका, आत्ताच अर्ज टाका. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.