ॲरोकोथचा आकार यान पोचायच्या आधीच कसा कळला?

निशा_सोलापूर:
नमस्कार मंडळी. नासाचं न्यू होरायझन्स यान 1 जानेवारी 2019 ला ॲरोकोथ या नेपच्यूनपलीकडच्या छोट्या वस्तूजवळून गेलं हे माहीत होतं, पण काल वाचलं की तो दोन गोळे चिकटल्यासारखा असणार हा अंदाज 2017 मध्येच पृथ्वीवरून आला होता. जेमतेम 36 किमी लांबीची वस्तू, आपल्यापासून साडेसहाशे कोटी किमीवर, हबलमधूनही नुसता ठिपका, मग आकार कुठून कळला? आणि मुळात एवढंसं काही शोधतातच कसं?

ध्रुवमत्स्य:
शोधायची पद्धत जुनीच, आकाशाच्या त्याच भागाचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घ्यायचे आणि कुठला ठिपका सरकला ते बघायचं, 1930 मध्ये टॉमबॉला प्लूटो असाच सापडला. खगोलशास्त्रज्ञ ज्युइट आणि जेन लू नेपच्यूनपलीकडे असं काही 1987 पासून शोधत होते, 1992 च्या ऑगस्टमध्ये हवाईतल्या मौना केआवरच्या 2.2 मीटर दुर्बिणीत त्यांना प्लूटोनंतरचा पहिला मिळाला, आता त्याचं नाव अल्बियन. पाच वर्षं काही न मिळता टिकून राहिले, मला ह्याचंच सगळ्यात जास्त वाटतं.
अंतर सरकण्यावरून कळतं. पृथ्वी पुढे जाते म्हणून तो मागे गेल्यासारखा दिसतो आणि जितका लांब तितका हळू, नेपच्यूनपलीकडचा तासाला साधारण 3 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), मंगळ-गुरूमधला लघुग्रह साधारण दहापट जास्त. खरी अडचण उजेडाची. सूर्यप्रकाश जातानाही पातळ होतो आणि परत येतानाही, म्हणून अंतर दुप्पट झालं की तेज सोळापट कमी! यानाला गाठता येईल असं काही जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींना मिळालंच नाही, शेवटी जून 2014 मध्ये हबलने ॲरोकोथ पकडला.

रानवारा:
आकाराचं उत्तर पिधान. ॲरोकोथ एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की त्याची सावली पृथ्वीवरून धावते, तारा इतका लांब असतो की सावली जवळपास त्या वस्तूएवढीच. म्हणजे काही किलोमीटर रुंद पट्टा, त्यात उभं राहायचं आणि तारा विझतो का बघायचं, फार तर एक-दोन सेकंद. 3 जून 2017 ला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात टीम गेल्या, कोणालाच काही दिसलं नाही. 17 जुलैला परत, अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनियात 40 सेंमीच्या 24 दुर्बिणी सावलीच्या वाटेवर आडव्या मांडल्या. वारा इतका की आडोशाला ट्रक उभे केले, तिथल्या लोकांनी रस्त्यावरचे दिवे घालवले, हायवे दोन तास बंद ठेवला. 24 पैकी 5 दुर्बिणींना तारा विझलेला दिसला. प्रत्येकीची वेळ म्हणजे त्या आकाराची एक जीवा, पाचही शेजारी ठेवल्या तर मधे बारीक झालेली आकृती! चिकटलेले दोन की जवळजवळ फिरणारे दोन हे तेव्हा नक्की नव्हतं, ते यानाने दाखवलं.

निशा_सोलापूर:
रस्ता बंद केला त्यांनी यासाठी!! वाचूनच भारी वाटलं. भारतातून असं काही होतं का?

ध्रुवमत्स्य:
होतं की. 6 जून 2020 ला प्लूटोचं पिधान नैनितालजवळच्या देवस्थळहून टिपलं, 3.6 आणि 1.3 मीटर दोन्ही दुर्बिणींनी. तिथे तारा झटकन नाही, हळूहळू मंद होतो कारण प्लूटोला विरळ वातावरण आहे, त्यावरून दाब काढला, आपल्या हवेच्या साधारण 80 हजाराव्या भागाएवढा.

रानवारा:
आणि आता चिलीत 8.4 मीटरची रुबिन दुर्बीण आलीय, असे हजारोंनी सापडतील आणि कक्षा जितक्या नेमक्या तितकी सावली कुठे पडणार ते नेमकं सांगता येईल. निशा, तुझ्याकडे दुर्बीण आणि व्हिडिओ कॅमेरा असेल तर मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पिधानांपासून सुरुवात कर, पद्धत अगदी तीच. वेळ मात्र जीपीएसवरूनच घे, मोबाईलच्या घड्याळावर जाऊ नको. आणि तारा विझला नाही तरी नोंद पाठव, कारण सावली तिथपर्यंत पोचली नाही हेही आकार काढायला लागतंच.