डोळ्याच्या पडद्यावर लॅटिस निघालंय, लेझर करून घ्यावं का?

भुईचाफा:
नमस्कार. वय २८, नंबर दोन्ही डोळ्यांना -७. चष्मा घालवायचा म्हणून तपासायला गेले तर थेंब घालून बघितल्यावर डॉक्टर म्हणाले उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेला लॅटिस आहे, तिथे पडदा पातळ झालाय, आधी बॅरेज लेझर करा, म्हणजे त्या जागेभोवती लेझरने पडदा मागे चिकटवून टाकायचा. घरी येऊन वाचलं तर पडदा सुटतो वगैरे, रात्रभर झोप नाही. त्रास मला काहीच नाहीये. कोणी केलंय का? करावं की थांबावं?

साळुंकी:
चाफा, घाबरू नका. मायनस नंबरवाल्यांत लॅटिस भरपूर जणांना असतं आणि बहुतेकांचा पडदा जन्मभर जागेवरच राहतो. नुसतं लॅटिस आहे की त्यात होल (छिद्र) किंवा टेअर (फाटलेली जागा) पण आहे, एवढं नीट विचारून घ्या. मला नुसतं आहे, ९ वर्षं झाली, वर्षातून एकदा थेंब घालून तपासणी, बस. आणि हो, नंबर गेला तरी डोळा लांबट आणि पडदा ताणलेलाच राहतो, त्यामुळे नंबर घालवायच्या लेसिक ऑपरेशननंतरही तपासणी सोडायची नाही.

तिठा:
साळुंकीताई म्हणतात ते बरोबर, पण माझं ऐका. ५२ व्या वर्षी डाव्या डोळ्यासमोर अचानक मिरपूड सांडल्यासारखे ठिपके, अंधारात कडेला वीज चमकायची. दिवाळीची गडबड म्हणून पाच दिवस काढले आणि मग खालून काळी सावली वर चढायला लागली तेव्हा धावलो. लॅटिसच्या कडेला आतली जेली घट्ट चिकटलेली असते, वयानुसार ती सुटताना ओढ बसून पडदा फाटतो आणि त्या फटीतून पाणी मागे शिरतं. ऑपरेशन करून पडदा जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात गॅस भरला, मान खाली घालून दिवस काढले, गॅस असेपर्यंत विमान बंद. पडदा बसला, पण मधला भाग सुटला होता त्यामुळे सरळ रेघ अजून वाकडी दिसते. पहिल्या दिवशीच गेलो असतो तर, हे रोज मनात येतं हो. दुसऱ्या डोळ्यातही लॅटिस होतं, तिथे लगेच लेझर करून घेतलं, खुर्चीत बसूनच, थोडं टोचतं. नीट चिकटायला दोनेक आठवडे लागतात.

भुईचाफा:
फोन करून विचारलं, दोन बारीक होल आहेत म्हणे. दुसऱ्या रेटिनावाल्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतलीये. येताना स्कूटी चालवता येईल ना?

तिठा:
अजिबात नको. बाहुली चार-सहा तास मोठी राहते, उन्हात डोळे उघडवत नाहीत. कोणाला तरी बरोबर न्या, गॉगल ठेवा. आणि मधल्या दिवसांत ठिपके वाढले किंवा वीज चमकली तर शुक्रवारची वाट बघू नका.