अनुभव धागा: पहिला स्कुबा, उथळ प्रवाळ आणि आपण सोलापूरकर

विजापूरवेसवाला:
दिवाळी झाली की आपल्यात तोच प्रश्न फिरायला लागतो, मालवणला चाललोय, स्कुबा (पाठीला हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं) करू का, पोहता येत नाही, बायको घाबरते, पैसे फुकट जातील का. उत्तरं देणारे पण ठरलेले, एक म्हणतो लई भारी, दुसरा म्हणतो सगळी फसवणूक, दोन्हीत कामाचं काय नाय. म्हणून हा धागा. ज्यांनी पहिल्यांदा उथळ प्रवाळावर, म्हणजे तीन मीटरपासून फार तर दहा-बारा मीटरपर्यंत डाईव्ह केलाय त्यांनी निवांत लिहा. कान कसे गेले, श्वास कसा जमला, खाली नेमकं काय दिसलं. आणि जमलं नसेल तर ते आधी लिहा, त्याचा उपयोग जास्त. हॉटेल, थाळी, बोटीचं भाडं यासाठी वेगळा धागा काढा. नळाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या गावातली माणसं समुद्राच्या बुडाशी जाऊन येऊलालेत, ते कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे की ओ.

होटगीरोडचा पक्या:
मी सुरू करतो. आम्ही अंदमानला केला, हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणतात), तिथला नेमो रीफ (रीफ म्हणजे प्रवाळाचा पट्टा). नवशिक्यांना जास्त करून तिथंच नेतात कारण बोट लागत नाही, किनाऱ्यावरूनच चालत चालत पाण्यात शिरायचं, खाली वाळू आणि मधे मधे प्रवाळाचे गड्डे, लाट फारशी नाही.

माझं पोहणं मोहोळकडचं, आजोळच्या विहिरीतलं, पाठीला डबा बांधून मामानं ढकलून दिलेलं. बायको तुळजापूरची, तिनं गुडघ्याच्या वर पाणी बघितलेलं नाही. सगळ्या घरादाराचं म्हणणं असं की पक्या जाऊन येईल आणि ही काठावर फोटो काढेल. झालं उलटंच. विहिरीवाल्याला सवय काय असते, तोंड पाण्यात गेलं की दम धरायचा. स्कुबात नेमकं तेवढंच करायचं नसतं. इन्स्ट्रक्टरनं आधीच दरडावून सांगितलं होतं, दम कधीच रोखायचा नाही, कारण खाली छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि दम धरून वर आलास तर दीड-दोन मीटरमध्ये पण फुफ्फुसाला इजा होऊ शकते. ऐकलं सगळं, पण शरीर ऐकायला तयार नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा ओढायचं तोंडातलं यंत्र, तोंडात देतात आणि डोकं खाली घालायला लावतात, तिथं मी सारखा दम धरूलालतो आणि तो माझ्या छातीवर टिचकी मारून बोटानं खुणावूलालता, सोड, सोड. बायकोला मुळात पाण्यातली कुठली सवयच नाही, तिनं सांगितलं तसं केलं, हळू घ्या हळू सोडा, आणि ती पहिल्या झटक्यात पास. (हे लिहायची परवानगी नव्हती, तिनंच शेजारी बसून लिहायला लावलंय.)

उथळ पाण्यात तीन गोष्टी करून घेतात. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कडा दाबून नाकानं जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. रेग्युलेटर तोंडातून निघालं तर परत घालून आधी फुंकायचं मग ओढायचं. आणि कान, नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला. कानाचं सगळ्यात जास्त काम वरच्या वरच होतं बरं का. दहा मीटरला दाब दुप्पट होतो, म्हणजे मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. म्हणून उथळ आहे म्हणून कानाचं टेन्शन नाही असं समजू नका.

आता काय दिसलं ते. एका गड्ड्यावर समुद्रफूल होतं, ॲनिमोन, त्याच्या बोटांमध्ये ते नारंगी-पांढरे जोकर मासे. मला वाटलं माणूस बघून लपतील. लपायचं सोडून एक बोटाएवढा मासा सरळ माझ्या काचेवर आला, थांबला, मागे गेला, परत आला. आम्ही केवढे आणि तो केवढा! इन्स्ट्रक्टरनं मला मागे ओढलं, कारण त्याच्या घराच्या फार जवळ गेलो होतो. आणि दुसरं म्हणजे आवाज. समुद्राखाली शांत असतं असं कुणी सांगितलंय कुणास ठाऊक. पोपटमासा म्हणून एक असतो हिरवा-निळा, तो प्रवाळाचा दगड चावत होता आणि आवाज स्पष्ट येत होता, कडक भाकरी मोडल्यासारखा. चावून झालं की दगडावर दातांच्या पांढऱ्या रेघा, आणि थोडं पुढं जाऊन मागून वाळूचा धूर सोडला. ती पांढरी वाळू आपण पायाखाली तुडवतो ना, त्यातली बरीच तिथून येते.

शेंगाचटणी:
आमचा अनुभव मालवणचा, आणि तो एवढा गोड नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला बोट नेऊन उभी केली, आधीच तिथं कितीतरी बोटी. ट्रेनिंग म्हणजे बोटीच्या शिडीला धरून दोन मिनिटं तोंडानं श्वास घ्यायचा, झालं. खाली एकानं मागून सिलिंडरला पकडून ठेवलं आणि मी प्रवाळ बघायच्या आत हातात ब्रेडचा तुकडा. कशाला? तर मासे गोळा होतात आणि व्हिडिओ चांगला येतो. पट्ट्यापट्ट्याचे मासे आले खरे, पण ब्रेडवर जगणारे मासे बघायला मी साडेतीनशे-चारशे किलोमीटर गेलतो का? पुढच्या माणसाचा व्हिडिओ पण सेम, तेच मासे, तोच दगड, फक्त माणूस बदललेला. त्यात एकाची लाथ प्रवाळाला लागली, तुकडा पडला, कुणी काय बोललं नाही. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे म्हणे.

कोटणीसनगरची ताई:
@शेंगाचटणी, पटतंय पण सगळं मालवण तसं नाही हो. आम्ही तारकर्लीच्या बाजूनं गेलो, शनिवार-रविवार टाळून, सकाळची पहिली बोट. आधी विचारलं होतं, एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर का, तब्येतीचा फॉर्म भरून घेणार का, ब्रेड देणार का. तिसऱ्या प्रश्नाला तो हसला, म्हणाला नको असेल तर नाही देत. पाणी मात्र हिरवटच असतं, अंदमानसारखं निळं काचेचं नाही, ती अपेक्षा ठेवूनच जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं दिसतं. पावसाळ्यात बंदच असतं आणि पाऊस संपल्या संपल्या गेलात तर हातभर लांबचं दिसत नाही. जवळून बघितलं की प्रवाळ आहे तिथं, गोल गोल दगडांसारखं, त्यावर बारीक ठिपके. लोक मासेच शोधत राहतात आणि जे बघायला गेलोत त्याच्यावर पाय देतात.

मिशीवाले काका:
वय अठ्ठावन्न, बीपीची गोळी चालू. फॉर्ममध्ये खरं लिहिलं तर म्हणाले डॉक्टरचं पत्र आणा. आणलं. मग अडचण आली मिशीची. मास्क मिशीवर बसतो तिथून पाणी आत. इन्स्ट्रक्टर पोरगा म्हणाला काका काढून टाका. म्हटलं बे पोरा, ही मिशी तुझ्या जन्माच्या आधीची आहे. मग त्यानंच व्हॅसलीन लावून दिलं, थोडं थोडं गळलं पण जमलं. दाढी-मिशीवाल्यांनी मास्क आधी घालून, पट्टा न लावता नाकानं हवा ओढून बघावा, चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक.

मेव्हण्याची गंमत सांगतो. खाली सगळं बघून त्याला एवढा आनंद झाला की त्यानं अंगठा वर केला, मस्त म्हणून. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. नेलं की वर! ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. काठावर दहा वेळा घोटून घ्या, खाली आठवत नाही.

बायोवाल्या मॅडम:
मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, राहवत नाही म्हणून लिहिते. प्रवाळ दगड नाही, झाड पण नाही, प्राणी आहे. बारीक बारीक जीव एकत्र राहून चुन्याचं घर बांधतात, त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्यांना देतं. उथळ स्वच्छ पाण्यातच रीफ का, तर ऊन पोचायला पाहिजे म्हणून. आणि म्हणूनच नवशिक्यांना ते जवळच बघायला मिळतं, खोल जायची गरजच नाही. उलट उथळात रंग जास्त दिसतात, लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं, पाच मीटरपासूनच फिका व्हायला लागतो, खोल गेलं की सगळं निळं-करडं. गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी वाढतो, तेव्हा वर ज्यांनी लाथेनं तुकडा पडल्याचं लिहिलंय त्यांनी हिशोब करावा.

दुसरं असं की आपण मे महिन्यात त्रेचाळीस अंशात सात रस्त्याला उभं राहून रस पितो. प्रवाळाचं तसं नाही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्राचं पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लगेच मरत नाहीत, पाणी वेळेत गार झालं तर सावरतात. २०१० ला अंदमानात मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ ला लक्षद्वीपमध्ये. तुम्हाला खाली पांढरंशुभ्र प्रवाळ दिसलं तर किती सुंदर म्हणून फोटो टाकू नका, ते आजारी आहे.

सराफकट्टा:
मॅडम एक शंका. आम्ही मंगळासाठी अंगठीत घालतो ते पोवळं हेच का? भाऊजी अंदमानहून एक तुकडा आणतो म्हणूलालेत.

बायोवाल्या मॅडम:
नाही. दागिन्याचं पोवळं वेगळ्या जातीचं, ते रीफ बांधत नाही आणि जास्त करून भूमध्य समुद्रातून येतं. आणि भाऊजींना आवरा. रीफ बांधणारी कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा पण बॅगेत घालायचा नाही, विमानतळावर बॅगा तपासतात.

अक्कलकोटरोडकर:
कर्नाटकातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आपल्याला नेत्राणी बेट पण काय फार लांब नाही, विजापूर-हुबळी करून खाली अंकोल्याला उतरायचं, मग मुरुडेश्वर. तिथून बोटीनं तास-दीड तास. पाणी मालवणपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण बोट हलते. लई हलते. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्या, आणि सकाळी भरपेट इडली-वडा हाणू नका. आमच्यातले दोघं डाईव्ह सोडून बोटीच्या कडेलाच लटकून होते, पाण्यात उतरल्यावर बरं वाटलं त्यांना. आईला मराठीपेक्षा कन्नड जवळचं, इन्स्ट्रक्टर पण कन्नडवाला, तो सारखा 'उसिरु बिडी अम्मा' म्हणत होता आणि आई शहाण्यासारखी श्वास सोडत होती. मी इंग्रजीतल्या सूचना ऐकून गोंधळलेलो.

रेल्वेलाईनची पोरगी:
माझं जमलं नाही. दोन-तीन मीटरवर डाव्या कानात कळ आली, हात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवलं, त्यानं थोडं वर घेतलं, परत प्रयत्न, परत तेच. चार-पाच दिवसांपूर्वी सर्दी होऊन गेलती, नाक मोकळं वाटत होतं पण आतली नळी बंदच असणार. तो म्हणाला जोर लावू नको, पडदा जाईल. वर आले. रडू आलं थोडं, पैसे गेले म्हणून जास्त. मग त्यांनीच मास्क-स्नॉर्केल (वर तरंगत श्वास घ्यायची नळी) दिलं आणि त्याच रीफवर वरून तरंगत बघितलं, लाईफ जॅकेट घालून, दुपारपर्यंत. खाली आमच्या ग्रुपचे बुडबुडे वर येताना दिसत होते आणि माझ्या खालून एक कासव निवांत गेलं, जे खाली गेलेल्या एकालाही दिसलं नाही!! सर्दीचं औषध घेऊन उतरू नका असं पण सांगितलं, औषधाचा असर मधेच संपला तर वर येताना त्रास होतो.

विजापूरवेसवाला:
@रेल्वेलाईनची पोरगी, धाग्यातलं सगळ्यात कामाचं तुम्ही लिहिलंय.

लोक मेसेजवर विचारूलालेत त्याची उत्तरं इथंच देतो. सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते. पोहता येत नसलं तरी पहिला ट्राय डाईव्ह होतो, इन्स्ट्रक्टर धरून असतो, सर्टिफिकेटचा कोर्स करायचा तर मात्र पोहणं लागतं. पोरांना साधारण दहा वर्षांच्या पुढं घेतात. दमा, हृदय, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. विमानाचं म्हणाल तर डाईव्हनंतर निदान अठरा तास उडायचं नाही, चोवीस ठेवलेले बरे, म्हणून अंदमानला डाईव्ह शेवटच्या दिवशी टाकू नका.

पार्कचौक:
माझा चष्मा उणे चार, खाली काय दिसणार?

कोटणीसनगरची ताई:
माझा उणे साडेतीन. सॉफ्ट काँटॅक्ट लेन्स घालून गेले, मास्कमध्ये पाणी शिरल्यावर डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर लेन्स जाते. काही ठिकाणी नंबरचा मास्क मिळतो, फोन करून विचारा. पाण्यात सगळं जवळ आणि मोठं दिसतं, त्यामुळं छोट्या नंबरवाल्यांचं तसंही भागतं.

पार्कचौक:
धन्यवाद ताई. आणि मालवणला रविवारी सकाळी डाईव्ह करून रात्रीत आंबोलीवरून सोलापूर गाठलं तर चालेल का, सोमवारी ड्युटी आहे.

विजापूरवेसवाला:
आंबोली जवळपास सातशे मीटर उंच, घाट चढणं म्हणजे थोडंफार विमानासारखंच. पाच-सहा मीटरवरच्या छोट्या ट्राय डाईव्हला एवढा फरक पडत नाही, तरी डाईव्ह शनिवारी सकाळी उरका आणि रविवारी निघा. नाहीच जमलं तर इन्स्ट्रक्टरला किती खोल, किती वेळ ते विचारा आणि परतीचा रस्ता सांगूनच निघा. फोंडा घाटानं उतरलात तर कणकवलीच्या पुढं रस्त्याचं काम चालूय का ते आधी कुणीतरी सांगा, पुढच्या आठवड्यात आम्हीपण निघूलालोय.