उझबेकिस्तान: फोटोतून माणसं का पुसता?

फिरोजी (धागाकर्ता)

समरकंदच्या रेगिस्तान चौकाचे फोटो हल्ली एकाच साच्यातून निघतात. पहाटेचा उजेड, तीन बाजूंना तीन मदरसे, मध्ये लखलखीत फरसबंदी आणि चिटपाखरूही नाही. खाली प्रतिसाद ठरलेला: 'वा, एकही माणूस नाही!' या कौतुकाशीच माझं भांडण आहे.

उझबेकिस्तान हा माझा लाडका देश. कितीदाही गेलो तरी मन भरत नाही. तिथल्या संध्याकाळी लग्नाची जोडपी फोटोसाठी चौकात येतात, पोरं आइस्क्रीम सांभाळत पळतात, रंगीत झगे घातलेल्या बायका घोळक्याने पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात. बीबी खानिम मशिदीला लागूनच सियोब बाजार आहे, नानच्या चळती आणि सुक्या जर्दाळूंच्या राशी. त्या बाजाराकडे पाठ करून फक्त घुमट टिपायचा, हा कसला हट्ट?

आणि ज्या 'शुद्ध' वास्तूसाठी पहाटे उठायचं ती तरी किती शुद्ध आहे? तिल्ला-कारी मदरसा १६४६ ते १६६० मधला, पण त्याचा प्रसिद्ध निळा घुमट सोव्हिएत डागडुजीत चढवलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंत तो दिसतच नाही. बीबी खानिमची १८९७ च्या भूकंपात आणखी पडझड झाली. आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतर उभारलेलं आहे. म्हणजे माणसं पुसून आपण टिपतो काय, तर डागडुजी.

तिपाई

पूर्ण असहमत.

चौकाची रचना आधी समजून घ्या. पश्चिमेला उलुग बेगचा, म्हणजे तैमूरच्या खगोलज्ञ नातवाचा मदरसा, १४१७ ते १४२०. त्याच्या समोर दोनशे वर्षांनी, १६१९ ते १६३६ मध्ये, शेर-दोर बांधला, तो मुद्दाम पहिल्याला जाब दिल्यासारखा. मग उत्तरेची बाजू तिल्ला-कारीने भरली. तीन इमारती मधल्या मोकळ्या जागेवरून एकमेकींशी बोलतात. ती मोकळी जागा हाच चौथा घटक आहे, आणि तो दिसायला हवा असेल तर ती मोकळी असावी लागते. त्यात लाल जॅकेट घातलेला एक पर्यटक आला की डोळा तिथेच अडकतो. सतराव्या शतकातल्या कारागिराने बसवलेली नक्षी हरते, जॅकेट जिंकतं.

डागडुजीचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. १९३२ मध्ये उलुग बेग मदरशाचा कललेला मिनार सरळ करण्यात आला. अशा गोष्टी कळतात त्या स्वच्छ, नीट मोजून घेतलेल्या फोटोंवरूनच. पायऱ्यांवरच्या गप्पांच्या फोटोतून पुढच्या पिढीला विटांचा सांधा दिसणार नाही.

उगाच पहाटेला नावं ठेवू नका. उलुग बेगचं तोंड पूर्वेला आहे, त्यावर ऊन सकाळीच पडतं. शेर-दोरसाठी मीही संध्याकाळीच जातो, आणि हो, गर्दीत उभा राहतो.

कच्चा लिंबू

'चौथा घटक' वाचून गंमत वाटली. त्या मोकळ्या जागेत पूर्वी बाजार भरायचा. रशियन काळातल्या फोटोंत मदरशांसमोर दुकानं आणि गिऱ्हाईकं दिसतात. रिकामा चौक ही नंतरची आवड आहे.

आणि ही आवड फोटोपुरती राहत नाही. शाहरिसब्झ पाहा. तैमूरच्या आक-सराय राजवाड्याचे अवशेष तिथे आहेत, गावाचा जुना भाग २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. पुढे अवशेषांभोवतीची राहती मोहल्लावस्ती पाडून बागा आणि रुंद पायवाटा केल्या. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. आता तिथे फ्रेममध्ये कुणी येत नाही. छान फोटो मिळतात.

ओसरीवरून

कच्चा लिंबू यांचा प्रतिसाद झकास, पण धागाकर्त्यांशी माझं जमत नाही. इमारतीला फोटो काढल्याचा संकोच होत नाही, माणसाला होतो.

'माणसं हवीत' म्हणणाऱ्यांच्या अल्बममध्ये नेमकी कोण असतात? सोन्याचे दात दाखवून हसणारी आजी, दोप्पी टोपी घातलेले आजोबा, नान विकणारी बाई. बँकेत काम करणारी तरुणी नसते, मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा नसतो. खिवा शहरात तर मेंढीच्या केसाळ टोप्या फोटोपुरत्या भाड्याने मिळतात. म्हणजे ज्यासाठी वास्तूला 'डागडुजी' म्हणून हिणवलंत, तेच माणसांच्या बाबतीत तुम्हाला चालतं.

दुसरं, आपल्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. 'हिंदुस्तान' म्हटल्यावर तिथले वयस्क लोक राज कपूरचं नाव घेतात, छातीवर हात ठेवतात, चहाला बसवतात. ही जवळीक आपण कमावलेली नाही, आयती मिळते. अशा माणसाला फोटोला नाही म्हणणं जड जातं, तो पाहुण्याचा मान राखत असतो. त्याचा होकार म्हणजे खरी परवानगी असं मी धरत नाही. मी आधी चहा पिते, कॅमेरा पिशवीतच ठेवते, आणि बहुतेकदा तो तिथेच राहतो.

तळटीप

थोडा इतिहास, कारण हा वाद जुनाच आहे.

रशियन छायाचित्रकार सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्कीने १९११ मध्ये बुखाऱ्याच्या अमीराचा, आलिम खानचा रंगीत फोटो घेतला. निळा जरीदार झगा, तलवार. आजही काल काढल्यासारखा वाटतो. तंत्र असं की निळ्या, हिरव्या आणि लाल गाळणीतून एकामागून एक तीन कृष्णधवल फोटो घ्यायचे आणि मग ते एकावर एक आणायचे. मध्ये कुणी हललं की त्याच्याभोवती रंगांची भुतं उमटायची. त्यामुळे समोरचा माणूस कबूल होऊन स्थिर बसला तरच फोटो साधायचा. ओसरीवरून म्हणतात ती परवानगी तंत्रातच होती, निदान अमीरासाठी. चोरून टिपणं ही वेगवान शटरची देणगी आहे.

पण तो बाहेरून आलेला, झारच्या पाठिंब्याने फिरणारा. त्याच सुमारास खिव्यात खुदाईबेर्गन देवानोव आपल्याच गावाचे, आपल्याच माणसांचे फोटो काढत होता. जवळच्या वसाहतीतल्या एका जर्मन मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) गृहस्थाकडून तो हे शिकला. पुढे स्टालिनच्या दडपशाहीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. परदेशी नजर की घरची नजर, यावर बोलायचं तर त्याचे फोटो पाहून बोलावं.

फिरोजी

@ओसरीवरून, तुमचा मुद्दा टोचला, तरी पटला नाही. पाहुण्याचा मान राखणारा माणूस इतकाही भोळा नसतो. बुखाऱ्यात लाबी हौजच्या काठावर पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांनी मला एकदा सरळ हाताने हटकलं, आणि दुसऱ्या टोळक्याने स्वतः हाक मारून टोप्या सारख्या करून घेतल्या. नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही त्यांच्या वतीने ठरवताय. बँकेतल्या तरुणीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत, तिला अल्बममध्ये आणायलाच हवं. म्हणजे माणसं अजून हवीत, कमी नव्हे.

@तिपाई, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून लांब एक्स्पोजर दिलं की चालणारे सगळे विरघळतात, हे तुम्ही दुसऱ्या एका धाग्यावर अभिमानाने लिहिलं होतंत. बाकावर बसलेला झाडूवाला मात्र फोटोत राहतो. मग त्याला नंतर कॉम्प्युटरवर घालवता ना?

तिपाई

घालवतो. संग्रहालयातल्या मूर्तीचा फोटो घेताना मागचा पहारेकरी ठेवता का तुम्ही?

भुयारी

मला दोन्ही पक्ष मदरशांतच अडकलेले दिसतात. ताश्कंदला कुणी थांबतच नाही. तिथली मेट्रो १९७७ ची. अणुहल्ल्यात आसरा म्हणूनही बांधलेली, त्यामुळे आत फोटोला बंदी होती. ती उठली २०१८ मध्ये. कोस्मोनावत्लार स्थानकाच्या निळ्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवा हे अंतराळवीर आहेत, आणि त्यांच्या पंक्तीत उलुग बेगही. तिथे गाडी आली की माणसं फ्रेममध्ये शिरणारच, दोन मिनिटांत निघूनही जाणार. दोघांचंही समाधान होईल.

ओसरीवरून

मेट्रोत समोरच्या बाकावर बसलेल्या बाईच्या तोंडावर लेन्स रोखून? तिथे तर ती उठून जाऊही शकत नाही.

भुयारी

फलाटावरून काढा की. डब्यात मी कॅमेरा बंद ठेवतो.

तिपाई

फलाटावर ट्रायपॉड लावू देतात का?