नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यावी का? (सोलापूर)

सात_रस्ता
माझं मत स्पष्ट आहे: घ्यावी, आणि प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी. बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सत्रात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशॉलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन आणि इंग्रजी एकदम अंगावर येतं. त्यात करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याहून आलेल्या मुलींना वसतिगृह नवं आणि वॉर्डही नवा. कोण कोलमडू शकेल याचा अंदाज आधी आला तर बरंच टळेल. स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजणारी ‘बिग फाइव्ह’ची ४४ विधानांची प्रश्नावली दहा मिनिटांत भरून होते. पाच गुणांपैकी भावनिक अस्थैर्य ज्यांचं जास्त, त्यांच्यात चिंता, उदासी, झोप न लागणं जास्त आढळतं, हा मानसशास्त्रात वारंवार दिसलेला संबंध आहे. अशा मुलामुलींची यादी मेंटॉर मॅडमकडे द्यावी आणि त्यांच्याकडे आधीपासून लक्ष असावं.

कन्ना_चौक
पूर्ण विरोध. पहिला पंधरवडा ही सगळ्यात चुकीची वेळ आहे. घर सुटलेलं, मेसचं जेवण अंगी लागत नाही, रात्री खोलीत निम्म्या मुली रडतात. त्या आठवड्यात ‘मी पटकन अस्वस्थ होते’ या विधानावर कोणीही ‘पूर्ण सहमत’ असंच लिहील. मोजायला गेलात स्वभाव आणि मोजली घरची आठवण.

उलटंही होतं. कागद कॉलेज बघणार हे माहीत असल्यावर मुलं ‘मी तणावात शांत राहते’वर खूण करून मोकळी होतात. प्रवेश जाईल या भीतीने खोटं लिहिणारी मुलगी यादीत येत नाही, खरं लिहिणारी येते. आणि यादी स्टाफरूममध्ये गेली की चार वर्षं तो शिक्का पुसत नाही. ‘ती हळवी आहे, तिला कॅज्युअल्टीला नको’ असं एकदा ठरलं की तिची प्रॅक्टिसच कमी होते आणि आत्मविश्वास आणखी घसरतो.

मोजपट्टी
थोडं गणित मांडतो. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. ६० जणांची बॅच, त्यातले १० जण पुढे खरंच अडचणीत येणार. चाचणी बऱ्यापैकी चांगली धरू: अडचणीतल्या १० पैकी ८ पकडते आणि बाकीच्या ५० पैकी ४० जणांना बरोबर सोडते. यादीत १८ नावं येतील. त्यातली १० विनाकारण, आणि खरी २ बाहेर राहिली ती राहिलीच. शिवाय बिग फाइव्हमध्ये ‘या गुणांवर आजारी’ अशी रेषाच नसते. ती माणसामाणसांतला फरक सांगते, निदान करत नाही.

सध्याची अवस्था बघायची तर डब्ल्यूएचओ-५ ही मानसिक स्वास्थ्याची छोटी प्रश्नावली घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकी ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा कमी आला तर त्या विद्यार्थ्याशी सविस्तर बोलायचं. एकदाच घेऊन उपयोग नाही: तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या वॉर्ड पोस्टिंगनंतर आणि सत्र परीक्षेच्या महिनाभर आधी. आधीच्या आकड्यापेक्षा १० किंवा जास्त गुणांची घसरण दिसली तर आकडा ५० च्या वर असला तरी दखल घ्यावी.

दोन चुका नेहमी होतात. जीएचक्यू-१२ या मानसिक त्रासाच्या बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीला गुण द्यायच्या दोन पद्धती आहेत. ०-१-२-३ धरलं तर एकूण ३६, आणि ०-०-१-१ धरलं तर १२. एका पद्धतीची मर्यादा दुसरीच्या बेरजेला लावली की सगळी बॅच आजारी दिसते किंवा सगळी ठणठणीत. दुसरी चूक गंभीर आहे. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारायचा असेल तर प्रत्येक कागद त्याच दिवशी वाचणारा जबाबदार माणूस आधी ठरवा. गठ्ठा बांधून कपाटात ठेवणार असाल तर तो प्रश्न विचारू नका.

सात_रस्ता
@मोजपट्टी डब्ल्यूएचओ-५ मान्य. पण ते आज काय चाललंय तेवढंच सांगतं. अबोल, मागे राहणारी मुलगी स्वतःहून मॅडमच्या केबिनमध्ये जात नाही. तिच्यापर्यंत आपणच पोचायला हवं, त्यासाठी स्वभावाची कल्पना लागते.

स्टाफरूम
स्वभावाआधी वॉर्ड बघा. नवे विद्यार्थी कुठे खचतात हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे.

पहिली जागा भाषेची. सोलापूरच्या सिव्हिलला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडून कन्नड बोलणारे रुग्ण येतात, पूर्व भागातून तेलुगू बोलणारे, शिवाय दखनी. माळशिरसच्या मुलीला आजीचं ‘कुठे दुखतंय’ याचं उत्तरच कळत नाही, नातेवाईक चिडतात आणि तिला वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. उपाय साधा आहे. पहिले दोन आठवडे जोड्या लावा, एकीला तरी कन्नड किंवा तेलुगू येणारी. शिवाय दुखणं, लघवी, भूक, ताप, अॅलर्जी यांची वीसेक वाक्यं देवनागरीत लिहिलेलं कार्ड अॅप्रनच्या खिशात द्या.

दुसरी जागा सुईची. सुई टोचली की ओरडा बसेल म्हणून विद्यार्थी लपवतात आणि मग कित्येक रात्री झोपत नाहीत. पहिल्या पोस्टिंगच्या आधीच पाठ करून घ्या: जखम दाबायची नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, इन्चार्ज सिस्टरना लगेच सांगायचं. एचआयव्हीचा धोका ठरला तर औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू होतं आणि २८ दिवस चालतं. हिपॅटायटिस बी लशीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे डोस कुणाचे राहिलेत, ते वॉर्डात पाठवण्यापूर्वी तपासा.

तिसरी, पहिला मृत्यू. त्याच ड्युटीत ट्यूटरने पंधरा मिनिटं बाजूला बसवावं, काय झालं आणि आपण काय केलं ते क्रमाने सांगावं. ‘बोल, मन मोकळं कर’ असा आग्रह धरू नये, जबरदस्तीने बोलतं करण्याने फायदा होत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चौकशी मात्र करावी.

आणि हजेरी. पदवीपूर्वी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. आजारी पडलं की सुट्टीत भरपाई, म्हणून मुली ताप अंगावर काढून ड्युटीला उभ्या राहतात. भरपाईच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच लावल्या तर हा ताण बराच उतरतो.

जुळे_सोलापूर
यादीच्या विरोधात आणखी एक मुद्दा. बिग फाइव्हमधल्या कर्तव्यदक्षतेचे गुण जास्त असलेली मुलं एरवी परीक्षेत पुढे असतात, म्हणून त्यांची कोणी काळजी करत नाही. पण त्यातल्याच काही केअर प्लॅनचा (रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्याचा) एक रकाना चुकला म्हणून रात्री दोनला पूर्ण पान पुन्हा लिहितात, लॉगबुकवर सही राहिली तर जेवत नाहीत. सात_रस्ता यांच्या यादीत त्या येणारच नाहीत. केअर प्लॅन किती पानांचा पुरे, खाडाखोड चालेल का, हे ट्यूटरने लेखी सांगितलं तर त्यांची झोप वाचेल. मुलग्यांचंही तेच. बॅचमध्ये मोजके असतात, ‘ब्रदर, तुम्हाला काय झालंय’ म्हणून सोडून दिले जातात.

सात_रस्ता
यादीचा आग्रह सोडतो, चाचणीचा नाही. दुसऱ्या महिन्यात, सायकॉलॉजीच्या तासाला घ्या. गुण विद्यार्थ्याने स्वतः मोजायचे, कागद त्याच्याकडेच राहील, कॉलेजकडे प्रतही नको. स्वतःचा स्वभाव कळला तर मदत कधी मागायची हे त्याला ठरवता येईल.

कन्ना_चौक
कागद विद्यार्थ्याकडेच राहणार असेल तर माझा विरोध नाही. मात्र त्याच तासाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मोबाइल जमा करून घेणाऱ्या वसतिगृहांनी त्या नंबरसाठी तरी रात्री फोन हातात मिळेल, आणि वॉर्डन ‘कुणाला करतेस’ विचारणार नाही, एवढी सोय करावी.

मोजपट्टी
आणि डब्ल्यूएचओ-५ चे कागद गुण देणाऱ्या, इंटर्नलच्या मार्कांवर सही करणाऱ्या शिक्षकांकडे नकोत. बाहेरचा समुपदेशक महिन्यातून दोनदा येत असेल तर त्याच्याकडे द्या. नसेल तर मेंटल हेल्थ नर्सिंगच्या अशा मॅडम शोधा, ज्या पहिल्या वर्षाला शिकवत नाहीत.